रिक्रूटवरच्या वादात उतरायचंय? आधी दोनशे मिनिटांचा हिशेब मांडा

ऑगस्टमध्ये इंडियानातल्या वेस्ट लाफायेटला, पर्ड्यू विद्यापीठात शिकायला उतरलेल्या मराठी मुलांना थंडी पडेपर्यंत एक गोष्ट कळून चुकते. इथली माणसं पर्ड्यूच्या बास्केटबॉलवर बोलतात तेव्हा निम्मा वेळ ती संघातल्या खेळाडूंबद्दल बोलतच नसतात. विषय असतो फोर्ट वेनचा नाहीतर इंडियानापोलिसचा कुठलातरी बारावीतला पोरगा, म्हणजे ‘रिक्रूट’: कॉलेज ज्याला आपल्या संघात आणू पाहतंय तो. तो आपल्याकडे येईल का, आला तर संघात बसेल का, की दुसऱ्याच कुणामागे लागायला हवं होतं? लॅबमधला सहकारी, घरमालक, केस कापणारा, सगळ्यांची मतं तयार. आपण नुसती मान डोलवायची.

हे त्या मान डोलवणाऱ्यांसाठी. उदाहरणं पर्ड्यूची आहेत, कारण हा संघ मी जवळून पाहतो. पण तुम्ही ॲन आर्बरला असा, ऑस्टिनला असा की शार्लटला, पद्धत हीच चालेल.

सुरुवातीलाच एक फरक समजून घ्या. भारतीय संघ जाहीर झाला की आपल्याकडे ‘याला का घेतलं, त्याला का वगळलं’ असा जो गदारोळ होतो, तसाच हाही वाटतो. पण इथं निवड समिती नाही. प्रशिक्षक ऑफर देतो आणि निवड मुलगा करतो. एकाच मुलाकडे दहा-पंधरा कॉलेजांच्या ऑफर असू शकतात. त्यामुळे ‘अमुक मुलगा हवा’ एवढं म्हणून भागत नाही, ‘त्यानं आपल्याकडे का यावं?’ याचंही उत्तर तुमच्याकडे लागतं.

पायरी पहिली: दहा-बारा शब्द कानावरून जाऊ द्या

‘क्लास’ म्हणजे मुलगा शाळेतून ज्या वर्षी बाहेर पडतो ते वर्ष. ‘२०२२ चा क्लास’ म्हणजे त्या वर्षी कॉलेजात आलेली मुलं. ‘ऑफर’ म्हणजे तुला घ्यायला तयार आहोत असं कॉलेजनं सांगणं. ‘व्हिजिट’ म्हणजे मुलगा कॅम्पस बघायला येतो ती भेट. तिचा खर्च कॉलेजनं केला तर ती ‘ऑफिशियल’. ‘कमिट’ म्हणजे येतो असं मुलानं तोंडी सांगणं, आणि तोंडीच. सही होईपर्यंत तो बांधील नसतो. फिरला तर ‘डीकमिट’. ‘रेडशर्ट’ म्हणजे पहिल्या वर्षी संघाबरोबर सराव करायचा पण सामना खेळायचा नाही, म्हणजे खेळण्याच्या चार वर्षांतलं एक वर्ष वाचतं. ‘वॉक-ऑन’ म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय संघात असलेला. ‘पोर्टल’ म्हणजे एका कॉलेजातून दुसरीकडे जाऊ पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. ही २०१८ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि तिनं सगळा खेळच बदलला. त्याबद्दल पुढे.

जागांची नावं आता फारशी कुणी काटेकोर वापरत नाही. चेंडू आणणारा ‘गार्ड’, मधल्या उंचीचा ‘विंग’, बास्केटजवळ खेळणारा ‘बिग’. एवढ्या तीन खणांवर तुमचं काम भागेल.

पायरी दुसरी: येणाऱ्याआधी जाणाऱ्यांची यादी करा

नवखा माणूस आधी नवीन मुलाचे व्हिडिओ बघतो. तुम्ही संघाची यादी उघडा आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं कितवं वर्ष चाललंय ते लिहा. पर्ड्यूचंच घ्या. ब्रेडन स्मिथ, फ्लेचर लॉयर आणि ट्रे कॉफमन-रेन या तिघांचा २०२५-२६ हा शेवटचा हंगाम. संघाचा कणाच एका दमात जाणार हे कॅलेंडर बघूनच कळतं, त्यासाठी खेळातलं काही कळावं लागत नाही. अशा वेळी नवीन येणाऱ्या गार्डबद्दलची चर्चा एरवीपेक्षा गरम का असते, तेही आपोआप उमगतं.

या यादीत एक रकाना संशयाचा ठेवा: कोण एनबीएकडे, म्हणजे व्यावसायिक लीगकडे, लवकर जाईल आणि कोण पोर्टलमध्ये नाव घालेल. एनबीएचा नियम असा की ड्राफ्टच्या (एनबीएचे संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात, त्याच्या) वर्षात खेळाडू १९ वर्षांचा व्हायला हवा आणि अमेरिकन मुलाच्या बाबतीत शाळा संपून किमान एक वर्ष उलटलेलं असावं. २००६ च्या ड्राफ्टपासून हे लागू आहे. म्हणून सगळ्यात गुणी मुलं कॉलेजात एक वर्ष काढतात आणि जातात. जेडन आयव्ही पर्ड्यूत दोन वर्षं खेळला आणि २०२२ च्या ड्राफ्टमध्ये पाचवा निवडला गेला. अशा मुलाला घेताना तो जाणार हे धरूनच चालायचं.

पायरी तिसरी: दोनशे मिनिटं कागदावर मांडा

माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली इथं आहे, आणि फार थोडे लोक ती वापरतात.

कॉलेजचा पुरुषांचा सामना ४० मिनिटांचा. मैदानावर एका वेळी पाच जण. म्हणजे संघाकडे वाटायला २०० मिनिटं. त्यापलीकडे एक मिनिटही नाही, सामना जादा वेळेत गेला तरच. संघात पंधरा मुलं असली तरी अटीतटीच्या सामन्यात ही २०० मिनिटं आठ-नऊ जणांतच वाटली जातात.

आता २०२३-२४ च्या पर्ड्यूचा कागद मांडून बघू. मधोमध सात फूट चार इंचांचा झॅक ईडी. तो सामन्याला सरासरी बत्तीस मिनिटं खेळत होता. म्हणजे बास्केटजवळच्या मुख्य जागेवर उरली आठ मिनिटं. त्या उन्हाळ्यात कुणी ‘आणखी एक चांगला बिग आणायला हवा होता’ म्हणाला असता, तर त्याला विचारायचं: कुठला चांगला बिग आठ मिनिटांसाठी इंडियानाच्या थंडीत येईल? एक तर असा मुलगा, ज्याला थांबायची तयारी आहे. विल बर्ग हा स्वीडनचा सात फूट दोन इंची मुलगा २०२२-२३ मध्ये रेडशर्ट होता, तो अशातला. नाहीतर असा, जो ईडीच्या शेजारी दुसऱ्या जागेवर खेळू शकतो. कॉफमन-रेन तसा होता. तोही पहिल्या वर्षी रेडशर्टच होता, मग दोन वर्षं ईडीच्या सावलीत खेळला, आणि ईडी गेल्यावर २०२४-२५ मध्ये सामन्याला वीस गुणांच्या आसपास करू लागला.

म्हणून कुणी नवीन नाव घेतलं की पहिला प्रश्न हाच टाका: ‘याची मिनिटं कुणाच्या खात्यातून काढणार?’ समोरचा उत्तर देऊ शकला तर वाद पुढे न्यायला हरकत नाही. नाही देऊ शकला तर तो नुसता तारे मोजतोय.

पायरी चौथी: तारे वाचा, पण कशाचे आहेत ते समजून

रँकिंग करणाऱ्या कंपन्या शाळकरी खेळाडूंना तारे देतात. पंचतारांकित म्हणजे ढोबळमानानं देशातली पहिली पंचवीस-तीस मुलं, मग चार तारे, मग तीन. वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे एकत्र करून ‘कंपोझिट’ काढतात. ही रँकिंग अगदीच हवेतली नसतात. २०१२ ला केंटकीनं विजेतेपद मिळवलं ते अँथनी डेव्हिससारख्या पहिल्या वर्षाच्या अव्वल मुलांच्या जोरावरच. ‘तारे म्हणजे सगळी बकवास’ असं कुणी म्हणालं तर त्याला हे उदाहरण द्या.

पण रँकिंग देणारा बव्हंशी पुढचं बघत असतो: हा मुलगा उद्या एनबीएत काय करेल? तुमचा प्रश्न वेगळा आहे: हा मुलगा माझ्या संघात पुढच्या मार्चमध्ये, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय बाद स्पर्धेत, काय करेल? २०१९ च्या ड्यूककडे झायन विल्यमसन, आरजे बॅरेट आणि कॅम रेडिश होते. आपल्या क्लासमधली अगदी वरची तीन नावं एकाच जर्सीत. संघ तुफान होता, पण तीन गुणांचे फटके शंभरात एकतीसच्या आसपासच पडायचे. शेवटच्या आठांत मिशिगन स्टेटनं त्यांना एका गुणानं घरी पाठवलं. तिघंही घुसून खेळणारे, आणि घुसायला जागा मोकळी करून देणारा नेमबाज पुरेसा नाही. फिट नसणं म्हणजे नेमकं काय, याचं एवढं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

उलट टोकाला ईडी. टोरांटोचा मुलगा, लहानपणी हॉकी आणि बेसबॉल खेळलेला, बास्केटबॉलला उशिरा लागलेला. त्याच्या क्लासमध्ये त्याचा क्रमांक चारशेच्याही खाली होता. हाच मुलगा २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. असं राल्फ सॅम्पसननंतर, म्हणजे १९८० च्या दशकानंतर, कुणाला जमलं नव्हतं. अर्थात ‘ईडीसुद्धा तीन तारेवालाच होता’ हे वाक्य इथं प्रत्येक मध्यम दर्जाच्या रिक्रूटच्या समर्थनासाठी वापरलं जातं, त्याला भुलू नका. तीन तारेवाली शेकडो मुलं दरवर्षी येतात आणि त्यातली बहुतेक तीन तारेवालीच राहतात.

आणखी एक गोष्ट रँकिंगमध्ये दिसत नाही: वय. कोविडच्या हंगामाचं एक जादा वर्ष मिळाल्यामुळे आणि रेडशर्टमुळे अलीकडे तेवीस-चोवीस वर्षांचे बाप्ये सर्रास खेळताना दिसले. अठरा वर्षांचा पोरगा त्यांच्या अंगावर आदळतो तेव्हा तारे उपयोगी पडत नाहीत. २०२४ च्या स्पर्धेत केंटकीचा तरुण, प्रतिभावान संघ पहिल्याच फेरीत मिशिगनमधल्या ओकलंड या लहान कॉलेजकडून ८०-७६ असा हरला. ओकलंडच्या जॅक गोल्कीनं त्या रात्री तीन गुणांचे दहा फटके मारले. तो कॉलेजात कितीतरी वर्षं मुरलेला गडी होता.

पायरी पाचवी: व्हिडिओ बघा, पण मिक्सटेप नको

मिक्सटेपमध्ये मुलगा कधीच चुकत नाही. डंक, संगीत, डंक, संगीत. त्यातून त्याला उडी मारता येते एवढंच कळतं. पूर्ण सामना शोधा, आणि शक्यतो शाळेचा नव्हे तर उन्हाळ्यातल्या क्लब सामन्यांचा. नायकीची ईवायबीएल, अदिदासची थ्रीएसएसबी, अंडर आर्मरची यूएए अशा मालिका चालतात, आणि ईवायबीएलचा शेवट जुलैत साउथ कॅरोलायनातल्या नॉर्थ ऑगस्टाला ‘पीच जॅम’मध्ये होतो. शाळेच्या सामन्यात सहा फूट नऊ इंचांच्या मुलासमोर बऱ्याचदा सहा फुटाचा कोवळा पोर असतो. उन्हाळ्यात त्याच्यासमोर त्याच्यासारखाच उभा असतो.

मग चेंडूकडे बघायचं सोडा. हे पहिल्यांदा जड जातं. चेंडू उजवीकडे आहे आणि तुमचा मुलगा डाव्या कोपऱ्यात उभा आहे, तिथेच नजर ठेवा. हात छातीशी तयार आहेत की कमरेवर? पाय रिंगच्या दिशेनं वळलेत का? त्याचा रक्षक त्याला सोडून मदतीला गेला, तर तो त्या मोकळ्या क्षणात दोन पावलं सरकतो का, की आपल्याला पास कसा नाही मिळाला म्हणून हात पसरतो? बचावात आडवा पडदा आला (समोरच्या संघातला कुणी वाटेत उभा राहिला) की वाट काढून बाहेर येतो, की तिथेच अडकून साथीदाराकडे बघतो? आणि फटका हुकल्यावर पहिली तीन पावलं कुठल्या दिशेला पडतात? या तीन पावलांवरून प्रशिक्षकाला मुलगा आवडणार की नाही याचा अंदाज माझ्या मते ताऱ्यांपेक्षा बरा बांधता येतो.

नेमबाजीचा अंदाज बांधायला एक जुनी युक्ती आहे. शाळकरी मुलाचे तीन गुणांचे फटके संख्येनं थोडे असतात, त्यांची टक्केवारी फसवते. फ्री थ्रोची, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फटक्यांची टक्केवारी बघा. शंभरात ऐंशीच्या पुढे असेल तर हात चांगला आहे, बाकीचं शिकवता येतं. साठच्या आसपास रेंगाळत असेल तर ‘याला नेमबाज म्हणून घ्या’ म्हणणाऱ्याकडे जरा संशयानं बघा.

उंचीवर फार विश्वास ठेवू नका. शाळेच्या यादीतली उंची बुटांसकट असते, कधी स्वप्नांसकटही.

पायरी सहावी: प्रशिक्षकाच्या नजरेनं भोक शोधा

मॅट पेंटर २००५ पासून पर्ड्यूचा मुख्य प्रशिक्षक आहे. एवढ्या वर्षांत त्याची एक चाल दिसते: शाळेतून मुलं आणायची, शक्य तितकी आसपासची, आणि त्यांना तीन-चार वर्षं मुरू द्यायची. रॉबी हमेल व्हालपरायझोचा, इट्वॉन मूर ईस्ट शिकागोचा, जेजुआन जॉन्सन इंडियानापोलिसचा. ही इंडियानाची पोरं २००७ ला एकत्र आली. ब्रेडन स्मिथ वेस्टफिल्डचा, जेमतेम सहा फुटी, २०२२ चा इंडियानाचा ‘मिस्टर बास्केटबॉल’ आणि तरीही तीनच तारे. २०२५ मध्ये तो बिग टेनचा, म्हणजे पर्ड्यू खेळतं त्या साखळीचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. तुमच्या कॉलेजचा प्रशिक्षक वेगळा असेल, दर उन्हाळ्यात पोर्टलमधून अर्धा संघ नवा आणणारा असेल. तर तिथं फिटची व्याख्याच वेगळी.

भोक शोधणं म्हणजे काय, ते २०२३ च्या मार्चपासून बघा. पहिलं मानांकन मिळालेलं पर्ड्यू सोळाव्या, म्हणजे सगळ्यात खालच्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून ६३-५८ असं हरलं. ईडीभोवती सगळे गोळा झाले, बाहेरच्यांना मोकळं सोडलं, आणि पर्ड्यूचे तीन गुणांचे २६ पैकी फक्त ५ फटके गेले. गार्डवर दबाव टाकला की चेंडू सुटत होता. म्हणजे भोक बिगचं नव्हतं, बाहेरचं होतं. पेंटरनं पोर्टलमधून एकच खेळाडू आणला: सदर्न इलिनॉयमध्ये चार वर्षं खेळलेला लान्स जोन्स. नाव मोठं नव्हतं. पण चपळ पाय, समोरच्या गार्डला चिकटणारा बचाव, आणि दबावाखाली चेंडू पुढे नेणारा आणखी एक हात. स्मिथ आणि लॉयरही एका वर्षानं जाणते झालेले. त्या हंगामात पर्ड्यूनं तीन गुणांचे फटके शंभरात चाळीसच्या दरानं मारले आणि १९८० नंतर प्रथमच फायनल फोर (शेवटच्या चार संघांची फेरी) गाठली, तिथून अंतिम सामनाही.

अंतिम सामन्यात मात्र यूकॉननं (कनेटिकट विद्यापीठानं) नेमकं उलटं केलं. ईडीला करू दे काय करायचं ते, बाहेरच्यांना सोडायचं नाही. ईडीनं ३७ गुण केले, बाकीच्यांना तीन गुणांचे सातच फटके मारायला मिळाले, त्यातला एक गेला. यूकॉन ७५-६० नं जिंकलं. त्यांचा संघही बघा कसा होता: स्टीफन कॅसल हा पहिल्या वर्षाचा पंचतारांकित मुलगा, रटगर्समधून आलेला कॅम स्पेन्सर, ईस्ट कॅरोलायनातून आलेला ट्रिस्टन न्यूटन, आणि घरी मुरलेले क्लिंगन व कराबान. कुठल्याच एका पंथाचा नव्हता तो संघ.

पायरी सातवी: पैसा मोजा

१ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमावता येतात. याला ‘एनआयएल’ म्हणतात. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयानं एक तडजोड मंजूर केली आणि कॉलेजं थेट पैसे देऊ लागली. २०२५-२६ साठी सगळ्या खेळांची मिळून मर्यादा एका कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. त्याच तडजोडीनं शिष्यवृत्तीची १३ ची जुनी मर्यादा गेली आणि संघाची संख्या १५ वर बांधली गेली. आता ‘हा मुलगा फिट बसतो’ या वाक्यात ‘आपल्याला परवडतो’ हेही धरलेलं असतं. एकावर फार खर्चला तर सातव्या-आठव्या खेळाडूला काय उरणार, हा रास्त प्रश्न आहे, जरूर विचारा.

आपल्यातल्या एफ-१ व्हिसावाल्यांना एक गोष्ट पटकन पटेल. ईडी कॅनडाचा, विद्यार्थी व्हिसावरचा. देशातला सर्वोत्तम खेळाडू असूनही अमेरिकेत काम करून पैसे घेण्यावर व्हिसाचे निर्बंध, त्यामुळे सहकाऱ्यांसारखे करार त्याला सहजी करता येत नव्हते. परदेशी रिक्रूटवर वाद घालताना हा मुद्दा काढा, टेबलावरचे इंडियानाकर गप्प होऊन ऐकतील.

पायरी आठवी: मर्यादा पाळा

समोरचा विषय सतरा वर्षांचा मुलगा आहे. त्याला थेट मेसेज करू नका, ‘ये रे’ म्हणूनही नाही आणि दुसरीकडे गेल्यावर शिव्या द्यायला तर नाहीच. मॅकी अरीनात, पर्ड्यूच्या घरच्या मैदानावर, तो व्हिजिटला आला आणि ‘पेंट क्रू’च्या विद्यार्थ्यांनी त्याच्या नावाचा घोष केला तर त्यात खुशाल आवाज मिसळा, ती इथली रीतच आहे. मुख्य प्रशिक्षक काहीच का बोलत नाही, असं वाटलं तर लक्षात असू द्या की सही न केलेल्या मुलाबद्दल जाहीर बोलायला त्याला नियमानंच बंदी आहे. ‘आतली खबर’ सांगणारा त्यामुळे नेहमी दुसराच कुणीतरी असतो.

आणि कमिट झाला म्हणून पेढे वाटू नका. कॅलेब स्वानिगननं २०१५ मध्ये आधी मिशिगन स्टेटला हो म्हटलं होतं, मग तिथून फिरला आणि पर्ड्यूत आला. २०१७ मध्ये बिग टेनचा सर्वोत्तम खेळाडू झाला. तेव्हा इथं आनंद होता. उद्या तीच गाडी उलट्या दिशेनं जाऊ शकते.

आता सुरुवात कुठून?

संघाची यादी छापून घ्या, जाणाऱ्यांवर रेघ मारा, उरलेल्यांत २०० मिनिटं वाटा. जिथे वीस-पंचवीस मिनिटं कुणाच्याच नावावर बसत नाहीत, तिथे कसला खेळाडू हवा ते एका ओळीत लिहा: ‘दबावात चेंडू सांभाळणारा गार्ड’, ‘कोपऱ्यातून मारणारा उंच विंग’, असं काहीतरी. नाव लिहायचं नाही. मग चर्चेतली दोन-तीन मुलं घेऊन त्या ओळीशी ताडून बघा.

मार्चच्या सुरुवातीला इंडियानाच्या शाळांच्या सेक्शनल स्पर्धा असतात. इथली शाळांची जिम केवढी असतात ते बघून पुण्या-नागपुरातून आलेल्या माणसाचे डोळेच विस्फारतात; लाफायेटच्या जेफरसन शाळेतच हजारो लोक बसतात. तिकीट काढा, वरच्या ओळीत जाऊन बसा आणि पहिली दहा मिनिटं चेंडूकडे बघू नका.